देवीशी भांडणारं गाणं

चैत्र लागला की आमच्या भिंगारच्या कॉलनीत वाटल्या डाळीची साथ येते. आज या घरी हळदीकुंकू, उद्या त्या घरी, परवा एकदम दोन घरी. प्रत्येकीची गौर झोपाळ्यावर, प्रत्येकीच्या पन्ह्यात आधीच्या घरापेक्षा वेलदोडा जास्त, आणि निघताना ओटीत भिजवलेले हरभरे. मग आमच्याकडे आठवडाभर उसळच उसळ. नवरा विचारतो, "अजून किती गौरी राहिल्यात?" मी ऐकलं न ऐकलं करते. मला हा महिना आवडतो. ऊन टाळू तापवतं, पण सकाळी अंगण झाडताना कडुलिंबाच्या फुलांचा कडूगोड वास येतो आणि माझं मन सरळ एसटीत बसून पाथर्डीकडे निघतं.

यंदा जोशीकाकूंच्या हळदीकुंकवात मात्र डाळीत मीठ कमी आणि वाद जास्त झाला. समोरच्या फ्लॅटमधली मानसी, नवीनच राहायला आलेली, बँकेत नोकरी करणारी पोरगी. सगळ्याजणी म्हणाल्या, गाणं म्हण, गाणं म्हण. तिनं म्हटलं. स्वतः रचलेलं. त्यात ती देवाला विचारत होती की तू जर सगळ्यांचा, तर तुझ्या दारात दोन रांगा का, एक पासवाल्यांची आणि एक बिनपासवाल्यांची. आवाज काय गोड होता म्हणून सांगू! गाणं संपलं तर टाळ्या नाहीत. सगळ्या आपापल्या डाळीत बघायला लागल्या. मग कुणीतरी म्हणालं, "अगं, गौरीसमोर बसून असलं गातात का? हा देवाचा अपमान नाही का?" आणि झालं, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "निर्मलाताई, तुम्ही गुरवांच्या. तुमच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या देवीची पूजा. तुम्हीच सांगा."

माझं तोंड डाळीनं भरलेलं. मी तशीच ठसक्यात म्हणाले, "मुळीच नाही!" आणि मिरची नको तिथं गेली. डोळ्यांत पाणी, पाठीवर चार हात, पाण्याचा पेला, आणि मी सावरेपर्यंत विषय हापूसच्या भावावर गेलेला. मानसी कोपऱ्यात पर्स आवरत होती. मी चडफडत घरी आले. शाळेत पोरांना संगीत शिकवते मी, चाळीस पोरांचा कल्ला एका हाकेत बसवते, आणि ऐन वेळी माझा आवाज डाळीत अडकला. म्हणून ते राहिलेलं उत्तर इथं लिहायला घेतलंय. ते एका वाक्यात मावणारं नाही. त्याला एक अख्खा चैत्र लागतो.

तो चैत्र आमच्या गावचा. पाथर्डीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याला गाव, आणि डोंगराच्या पहिल्याच टप्प्यावर देवी. गावात तिला नुसतं 'आई' म्हणतात. घरात गोंधळ नको म्हणून मी माझ्या आईला माई म्हणायचे. दसरा-दिवाळी झाली की आमचं गाव ओस पडतं. ऊसतोडीला गाड्या लागतात, आणि घरोघरच्या कड्यांना कुलपं लागतात. मागे राहतात म्हातारी माणसं, त्यांच्यापाशी ठेवलेली शाळेची पोरं, काही शेरडं, आणि आम्ही गुरव. देवीला एकटं सोडून जायचं कसं? माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, थंडीत रोज काकड आरतीला एकटेच संबळ वाजवायचे. ऐकायला कुत्रंसुद्धा नसायचं. माई चेष्टा करायची तर म्हणायचे, "आईला सवय हाय. बंद पडलं तर ईचारील, आज काय झालं म्हून."

आणि मग चैत्र. ट्रक आणि ट्रॅक्टर परत यायला लागायचे. आधी डोंगराच्या वळणावर धुळीचा लोट दिसायचा. शाळेची पोरं "आले, आले" करत वेशीकडे पळायची. ट्रकवर पाण्याचे ड्रम, गुंडाळलेल्या वाकळा, खुराड्यातल्या कोंबड्या, एखादं बांधलेलं शेरडू, आणि त्या सगळ्याच्या वर फडकी बांधून बसलेल्या बाया. उतरल्या की त्यांच्या अंगाला मळीचा आंबूस वास यायचा. हात उसाच्या पात्यानं चिरलेले. त्याच हातांनी त्या घराची कुलपं काढायच्या, सारवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी न्हाऊन, नवं लुगडं नेसून, ओटी घेऊन देवीला यायच्या. सकाळी देवळाचं अंगण झाडायचं काम माझं. कडुलिंबाच्या फुलांचा खच झाडून होईतो पहिली बाई पायरीवर हजर असायची. गाव भरलं की मला इतका आनंद व्हायचा की मी उगाच दोनदोनदा झाडायची.

पण सरजाआत्या यायची नाही.

सरजाआत्या आमच्या शेजारच्या आळीतली. नात्याची नव्हे, पण गावात सगळ्याच आत्या नाहीतर मावश्या असतात. तिच्यासारखा गळा पंचक्रोशीत नव्हता. जात्यावर बसली की आळीतल्या बाया आपापलं काम टाकून ऐकत बसायच्या. तिची एक लेक होती, चिमी. ही चिमी माझ्याकडे देवळात यायची आणि घंटेला हात पुरत नाही म्हणून मला कडेवर घ्यायला लावायची. एका तोडीच्या हंगामात उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीतच चिमीला ताप भरला. सरजाआत्यानं देवीला नवस बोलला, पोर बरी होऊ दे, वेशीपास्नं पायी चालत येईन. जीप मिळेपर्यंत उशीर झाला. चिमी गेली. त्यांनी तिला तिकडंच, परक्या गावाच्या ओढ्याकाठी पुरलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोयता हातात घेतला. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत घ्यावाच लागतो.

त्यानंतर सरजाआत्या चैत्रात गावी यायची, पण देवळाची पायरी चढायची नाही. पाण्याला जाताना देवळावरून जायची, मान न वळवता. जत्रेला घरात बसून राहायची. माईनं प्रसाद पाठवला तर म्हणायची, "ठेव तितं, माणूस खाईल," म्हणजे तिचा नवरा. गाणंही बंद झालं. जात्यावरसुद्धा नाही. असे दोन चैत्र गेले. आणि मला आज हे मुद्दाम सांगायचंय की त्या दोन वर्षांत गावातल्या एकाही माणसाला देवीचा अपमान झाल्यासारखं वाटलं नाही. एका बाईनं देवीशी बोलणं टाकलं होतं, तिच्याकडे बघणं टाकलं होतं. याहून मोठा अपमान कोणता? पण ती गप्प होती ना, मग कुणाला त्रास नव्हता. फक्त दादा अधूनमधून म्हणायचे, "रागावलीय ती. राग हाय तवर नातं हाय."

तिसऱ्या वर्षी मी डी.एड.ची परीक्षा देऊन घरी आले होते. निकाल लागायचा होता, हाताला काम नव्हतं, दुपारी गिरणीत दळण घेऊन गेले तर गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला आणि मोबाईल पुढे केला. "निमे, ऐक. तुज्या देवीला कशी झापलीय बघ." ट्रक अजून यायचे होते, पण त्यांच्या आधी गाणं आलं होतं. फडावर कुणीतरी मोबाईलवर भरून घेतलेलं, या कार्डातून त्या कार्डात करत गावात पोचलेलं. मागे कोयत्यांचा खटखट आवाज, एक बाळ रडतंय, आणि त्यावर सरजाआत्याचा आवाज. दोन वर्षांनी ऐकला मी तो.

*तुज्या गं राउळाला, दगडाची भित भारी*
*माज्या कोपीला पाचाट, वारं घुसतं चारी दारी*

*तुज्या गं ओटीमंदी, खन नारळ माईना*
*माज्या ओटीतलं लेकरू, तुला कसं गं दिसंना*

*नवस बोलले तुला, पायी चालत ईन म्हून*
*तू का चालत आली न्हाईस, फड लांब हुता म्हून?*

आणि प्रत्येक ओवीनंतर, बाकीच्या बायांच्या साथीनं:

*सांग आई सांग, आज उठून जानार न्हाई*
*उत्तर ऐकल्याबिगर, तुजा पदर सोडनार न्हाई*

मी दळण तिथंच टाकून पळत घरी आले. दादांना म्हटलं, "सरजाआत्या गायला लागली!" आठवतील तशा ओव्या म्हणून दाखवल्या. दादांनी सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांचे डोळे भरले. मला वाटलं त्यांनाही वाईट वाटलं देवीला असं बोललेलं. ते म्हणाले, "बोलली बाई एकदाची."

पण गाव दादांच्या कानांनी ऐकत नव्हतं. संध्याकाळी बाबूतात्या आमच्या ओट्यावर आले. तात्या म्हणजे तोडीचे मुकादम आणि देवीच्या पंचांमधले मोठे. सरजाआत्या त्यांच्याच टोळीत होती; जत्रेच्या तयारीला ते टोळीच्या आधीच गावी आले होते. आता तुम्ही म्हणाल, आला खलनायक. तसं नाही. तात्या मनापासून भाविक. जत्रेचे सगळे दिवस अनवाणी, भेगाळलेल्या टाचांनी त्या तापलेल्या पायऱ्या चढणार, पालखीला पहिला खांदा त्यांचा. त्या संध्याकाळी त्यांचा आवाज खरंच कापत होता.

"गुरवबुवा, मला दुखलं वो. आईला कुनी असं बोलतं व्हय? जिच्या जिवावर आपन जगतो, तिला जाब इचारायचा?"

"तात्या, लेकरू गेलंय तिचं."

"मला काय ठावं न्हाई? म्याच जीप बघायला गेल्तो. पर म्हून काय आईला वाईटवंगाळ बोलायचं?"

"वंगाळ कुटं बोलली? इचारलंय नुसतं."

"तेच म्हनतो मी! इचारायचं कशापाई?"

मी दाराआड उभी होते. तात्यांचं दुखणं खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं आणि आज तर जास्तच कळतं. माणूस आयुष्यभर ज्या दाराशी डोकं टेकवतो, त्या दारावर कुणी थाप मारली की त्याच्या काळजात धस्स होतं. त्याला हसू नये. पण माझा राग वेगळ्याच गोष्टीचा होता, आणि अजून आहे. तात्यांचं दुखलं तर सगळ्या गावानं हळू बोलायचं, आणि सरजाआत्याचं दुखलं तर तिनं गप्प बसायचं, हा कुठला न्याय? दुखणं दुखणंच ना! की देवळाच्या आतलं ते भावना आणि देवळाच्या बाहेरचं ते नशीब?

दोन दिवसांनी ट्रक आले. सरजाआत्या उतरली. वाळून कोळ झालेली, केस पांढरे झालेले. तिला ओट्यावरच्या बैठकीचं सगळं कळलंच होतं. आमच्याकडे जत्रेच्या दुपारी आळीआळीच्या बाया देवीपुढे बसून एकेक गाणं म्हणतात. त्यांचं म्हणून झाल्याशिवाय पालखी उठत नाही. सरजाआत्यानं माझ्याच हाती निरोप पाठवला. विहिरीवर मला थांबवून म्हणाली, "निमे, तुज्या बापाला सांग. आमच्या आळीचं गानं यंदा मी म्हननार. हेच म्हननार. म्हनू दिलं तर पायरी चढीन. न्हाई दिलं तर ह्या जल्मात पुन्हा चढनार न्हाई, आन मी मेल्यावर देवीचा अंगारासुदीक माज्या कपाळाला लावू नगा."

मी निरोप सांगितला. दादांचं पोट देवीवर, आणि देवळाच्या किल्ल्या पंचांच्या हातात. माई म्हणाली, "तुम्ही मधी पडू नका." दादांनी संबळ घेतलं आणि उगाचच त्याची वादी ताणत बसले. मला त्यांचा इतका राग आला! वाटलं, रोज तिला दहीभात भरवता, तिचं लुगडं बदलता, आणि तिच्या वतीनं एक शब्द बोलता येत नाही तुम्हाला?

जत्रा आली. हलव्याची आणि रेवड्यांची दुकानं, पाळणे, लाऊडस्पीकर, नारळाच्या शेंड्यांचा ढीग. उन्हानं दगडी फरशी अशी तापलेली की आम्ही पोरी उड्या मारत गाभाऱ्यापर्यंत जायचो. दुपारी बाया जमल्या. सरजाआत्या खाली, पहिल्या पायरीशी कडुलिंबाखाली उभी. हातात ओटीचं ताट. पायरीवर पाय ठेवलेला नव्हता. तिच्या आळीच्या बाया तिच्यामागे. वर मंडपात पंच. वाद नको म्हणून तात्यांनीच तोड काढली. म्हणाले, "आपन मान्सं भांडून उपेग न्हाई. आईलाच इचारू. गुरवबुवा, कौल लावा. आई जे सांगील ते मला मान्य."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कौल म्हणजे आमच्याकडे देवीच्या छातीवर, उजवीकडे आणि डावीकडे, पाण्यात बुडवून तगरीच्या कळ्या चिकटवतात. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, विहिरी, जमिनीची भांडणं, सगळं त्या दोन कळ्यांवर ठरत आलंय. दादांनी हात धुतले, कळ्या लावल्या. कुणीतरी ओरडलं, "पंखा बंद करा रे, वाऱ्यानं पडंल!" पंखा बंद झाला. घामाच्या धारा लागल्या. दादांनी हात जोडून मोठ्यानं विचारलं, "आई, सरजानं तुला प्रश्न इचारावा का न्हाई?"

लाऊडस्पीकर बंद केलेला. शंभर माणसं श्वास धरून दोन कळ्यांकडे बघतायत. कळी हलेना. ना उजवी, ना डावी. एक म्हातारा पुटपुटला, "इचार करतीय." खाली सरजाआत्या उन्हातच उभी. मी मनातल्या मनात उजव्या कळीला विनवण्या करत होते, पड गं बाई, पड. आणि दादा वळले. देवीकडे पाठ करून ते कधी उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी राहिले.

"तात्या, येक सांगा. आपन आत्ता काय केलं?"

"कौल लावला."

"कौल लावला म्हंजी काय केलं?"

"म्हंजी... आईला इचारलं."

"मग आई रागावली का? तुमचा, माजा, गावाचा काय अपमान झाला का?"

तात्यांनी कळ्यांकडे पाहिलं. दादा म्हणाले, "माजा बाप, त्याचा बाप, समद्यांनी हितं उभं राहून आईला प्रश्नच इचारले. हीर खंदू का, पोरगी दिऊ का, पाऊस कवा पडंल. तवा कुनाला दुखलं न्हाई. आज इचारायचं का न्हाई हेबी आपन तिलाच इचारतोय. मग सरजानंच काय घोडं मारलंय?"

आणि मग माझी माई, जिनं मधे पडू नका म्हणून सांगितलं होतं ती माई, फिस्सकन हसली. तिच्या हसण्याबरोबर बायांची अख्खी रांग हसली. पंचांमधला एक म्हातारासुद्धा मिशीत हसला. तात्या तेवढे हसले नाहीत. ते देवीकडे बघत राहिले, आणि मग, हे मी त्यांच्या बाजूनं आवर्जून सांगेन, ते सरकून बसले. पायरीवरून येणाऱ्या माणसाला वाट होईल इतके सरकून बसले.

सरजाआत्या पायरी चढली नाही. आधी गायली. तिथूनच, खालून, *तुज्या गं राउळाला* अशी जी तान उचलली ना, सगळी तोंडं गर्रकन मागे फिरली. एक ओवी, एक पायरी. ओवी, पायरी. दादांनी संबळ गळ्यात घातलं. वर्षानुवर्षं मोकळ्या देवळात वाजवलेलं ते संबळ त्या दिवशी असं घुमलं की माझ्या पायाखालची फरशी थरथरली. *फड लांब हुता म्हून?* या ओळीला आली तेव्हा ती उंबऱ्यात होती. नुसत्या तिच्या आळीच्या बायांनी नाही, अख्ख्या मंडपातल्या बायांनी *सांग आई सांग* उचललं. कुणाचं काय गेलेलं, कुणाचं काय. प्रत्येकीचा काहीतरी जाब राहिलेला असणार. मी रडत होते आणि मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, दोन्ही एकदमच.

गाणं संपलं तेव्हा सरजाआत्या देवीसमोर बसलेली होती. तिनं ताट पुढे केलं, ओटी भरली, आणि देवीच्या पायांवर डोकं ठेवून इतका वेळ राहिली की माईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. उठली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा झालेला. देवीला म्हणाली, "बोलले. आता तुजं तू बघ." मग कुणाला तरी कौलाची आठवण झाली. बघतात तर एक कळी खाली पडलेली आणि दुसरी तिच्यावर. कुठली आधी पडली? कुणालाच माहीत नाही. सगळे सरजाआत्याकडे बघत होते. दादांनी दोन्ही कळ्या उचलून तिच्या ओंजळीत टाकल्या, आणि तात्यांनी पालखीला खांदा द्यायला उपरणं डोक्याला बांधलं.

हे सगळं मला जोशीकाकूंच्या हॉलमध्ये सांगायचं होतं. ज्याला आपण मानतच नाही त्याला कोण कशाला विचारायला जाईल? प्रश्न विचारायला समोर कुणीतरी ऐकणारं आहे असं वाटावं लागतं. सरजाआत्याला ते दोन वर्षं वाटत नव्हतं, म्हणून ती मान न वळवता पाण्याला जात होती. ज्या दिवशी तिला पुन्हा वाटलं की ही ऐकते, त्या दिवशी तिनं तोंड उघडलं. त्या गाण्यानं ती देवळापासून तुटली नाही, त्या गाण्याच्या पायऱ्या करून ती वर आली. आणि समजा एखाद्याला ऐकणारं कुणी आहे असं वाटतच नाही, तरी तो गात असेल तर गाऊ द्या. देवीची छाती दगडाची आहे, पण मन कळीनं हलावं इतकं हळवं आहे असं आपणच मानतो. मग एका गाण्यानं ती हलेल असं न मानता फुटेल असं का मानतो? तिच्याबद्दल आपल्याला इतकी कमी खात्री? खरं सांगू का, देवाचा अपमान झाला म्हणून ओरडणाऱ्यांचा मला यासाठीच राग येतो. त्यांनी देवाला फारच नाजूक करून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी मी मानसीच्या घरी गेले आणि तिचं गाणं पुन्हा ऐकून आले. पेटी घेऊनच गेले होते.

आता दादा नाहीत. गावाला पाण्याची टाकी झाली, देवळाला टाइल्स बसल्या, काही पोरं सुप्याच्या कंपन्यांत लागली. तोड मात्र चालूच आहे. दसऱ्याला कुलपं लागतात आणि चैत्रात निघतात. मी दर जत्रेला जाते. सरजाआत्याचं गाणं आता आमच्या जत्रेचं गाणं झालंय. सगळ्यात आधी ते होतं, मग बाकीच्या आळ्या. लहान पोरींना ते पाठ आहे. माझा भाऊ संबळ वाजवतो. आणि सरजाआत्या, आता गुडघ्यांनी थकलेली, मंडपात खांबाला टेकून बसते आणि दुसऱ्यांच्या गळ्यातलं आपलं भांडण ऐकते.

यंदाच्या जत्रेत ते गाणं म्हणायला शीतल उभी राहिली. सरजाआत्याच्या जावेची नात, सुप्याला कारखान्यात कामाला आहे, दोन दिवसांची रजा टाकून आलेली. गळा आत्याचाच. सगळ्या ओव्या झाल्या, आम्ही शेवटचं *सांग आई सांग* म्हणायला तोंड उघडलं, तर पोरगी थांबलीच नाही. खांबाकडे वळली आणि स्वतःची एक नवीच ओवी म्हणाली:

*देवीला गं पुसलंस, भर जत्रंत जोरात*
*मुकादमाम्होरं आजी, पदर का गं तोंडात?*

बाबूतात्या, आता पार वाकलेले, पंचांमध्ये पुढेच बसलेले. काठी टेकत उभे राहिले. मला वाटलं, आता आपल्यावर आलं म्हणून चिडणार. आणि काय म्हणावं! तात्या म्हणाले, "ए पोरी! सरजाच्या गान्यात आपलं घुसडायचं न्हाई. ते आता आईचं गानं झालंय. ते हाय तसंच म्हनायचं. हा अपमान हाय त्या गान्याचा!" आणि चारपाच माना खरोखर डोलल्या. शीतलचं तोंड पडलं. ती माईक खाली ठेवायला लागली.

सरजाआत्यानं खांबाला धरून स्वतःला उठवलं. कुणाचा हात घेतला नाही.

"बसा तात्या. मी आईला इचारलं तवा आई रागावली न्हाई. मी काय आईपरीस मोठी लागून गेले व्हय?" मग शीतलकडे बघून म्हणाली, "म्हन गं, पुन्यांदा म्हन. आन माज्याकडं नको बघू. तात्यांकडं बघून म्हन."